आणायचं, सांभाळायचं, लावायचं

त्या वर्षी आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात एम.एस्सी.च्या अर्ध्याहून जास्त जागा रिकाम्या राहिल्या. विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं, बसवलं आणि चहा मागवला. सर एरवी कोणासाठी चहा मागवत नाहीत, त्यामुळे मी आधीच सावध झाले.

"मॅडम, एक समिती करतोय," ते म्हणाले. "तीनच कामं आहेत. मुलं आणायची, सांभाळायची आणि शेवटी कुठेतरी लावायची."

"समितीत आणखी कोण आहे?"

"सध्या तुम्हीच."

मी तिथे वीसेक वर्षं शिकवत होते. शिकवणं आपल्याला जमतं असा माझा समज होता. पण मुलं 'आणायची' म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या वेळी मुलं आपोआप यायची, दोन वर्षांनी आपोआप जायची. कुठे जायची, ते आम्ही विचारत नसू. माझं स्वतःचं म्हणाल तर, फणसवाडीतल्या आमच्या घरात तीन पिढ्या कोणी ना कोणी कुठल्या तरी कचेरीत होतंच. मी बी.एस्सी. झाले तेव्हा काका म्हणाले, "पुढे शीक, मग बघू." ते बघायची वेळ आलीच नाही, त्याआधी मला नोकरी लागली. मला मिळालेलं मार्गदर्शन काय ते एवढंच.

पहिलं काम म्हणून मी परळच्या एका कॉलेजात गेले. तिसऱ्या वर्षाची मुलं हॉलमध्ये जमवली होती. मी सह्याद्रीतली फुलं दाखवली, शिवडीच्या बाजूची कांदळवनं दाखवली, आमची प्रयोगशाळा दाखवली. मुलं शांत बसली होती. बरीचशी मोबाईलमध्ये होती. शेवटी मी विचारलं, "काही शंका?" तेव्हा दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली.

"मॅडम, तुमच्याकडे आधी शिकून गेलेली मुलं आता कुठे आहेत?"

"चांगल्या ठिकाणी आहेत."

"म्हणजे कुठे?"

मी दोन नावं घेतली, मग तिसरं. चौथं काही आठवेना. हॉलमधल्या मुलांनी पहिल्यांदाच मोबाईलमधून मान वर केली. मी म्हटलं, "शोधून सांगते."

कार्यक्रम संपल्यावर ती दाराशी थांबली होती. भोईवाड्यात राहत होती, तिथल्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत बसून अभ्यास करायची. घरात ती पहिलीच, जी पदवीच्या पुढे जाण्याचा विचार करत होती. घराजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबने तिला रक्ताचे नमुने गोळा करायचं काम देऊ केलं होतं. "ते घेऊ की हे घेऊ, काही कळत नाही," ती म्हणाली. "म्हणून विचारलं. तुम्हाला अडचणीत आणायचं नव्हतं."

अडचणीत तर मी आलेच होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कपाटातून जुनी प्रवेश-रजिस्टरं काढली आणि फोन करायला बसले. मला वाटलं होतं, दोन दिवसांचं काम आहे. दोन महिने गेले. निम्मे नंबर बंद होते. एकाने मी क्रेडिट कार्ड विकतेय असं समजून फोन ठेवला. एक जण फौजदार झाला होता. तो अदबीने म्हणाला, "मॅडम, ड्यूटीवर आहे. झाडांचं काही प्रकरण आहे का?" एक जण सोसायट्यांच्या गच्चीवर बागा करून देत होती, एक जण बँकेत होता आणि खूश होता, एक जण बँकेत होती आणि रडली. सगळं वहीत लिहून घेत होते, पण लिहिलेलं वाचलं की त्यातून काहीच निघत नव्हतं.

मग मी माझ्या सगळ्यात लाडक्या विद्यार्थ्याला फोन केला. त्याने माझ्याच हाताखाली पीएच.डी. केली होती. ती पुरी व्हायला आठ वर्षं लागली. त्या आठ वर्षांत तो दोनदा सोडायला निघाला, आणि दोन्ही वेळा मी त्याला घरी जेवायला बोलावून, समजावून परत आणलं होतं. हे मी लोकांना अभिमानाने सांगायची.

आम्ही माटुंग्याला एका उडप्याकडे भेटलो. त्याच्या कानाशी केस पांढरे झाले होते. तो तीन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवत होता, म्हणजे जेवढे तास घेईल तेवढ्याचेच पैसे. सुट्टी लागली की ते बंद.

"कायम जागा निघतील रे," मी म्हटलं.

तो हसला. इडलीचा तुकडा सांबारात बुडवून तसाच धरून राहिला. "मॅडम, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोल ना."

"मी दुसऱ्यांदा सोडायला निघालो होतो ना, तेव्हा मला एका बियाणांच्या कंपनीत नोकरी मिळाली होती. तुम्ही म्हणालात, एवढं झालंय, आता थोडंच राहिलंय. तेव्हा तुम्ही 'जा' म्हणाला असतात तर बरं झालं असतं."

"तू मला त्या नोकरीचं बोलला नव्हतास."

"तुम्ही विचारलं नव्हतं."

मी वाटीतलं सांबार ढवळत बसले. तो मात्र पुढे सहज बोलत राहिला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, बिल मला देऊ दिलं नाही. मी पायीच दादरपर्यंत आले. वाटेत त्या वेळची आमची बोलणी आठवत होते. मी त्याला खरंच काहीच विचारलं नव्हतं? की विचारलं होतं आणि तोच विसरला होता? शेवटपर्यंत ठरेना.

त्याच आठवड्यात उलटंच घडलं. तुर्भ्याला मसाल्यांची तपासणी करणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत आमची एक जुनी विद्यार्थिनी मोठ्या पदावर होती. मिरीत पपईच्या बिया, तिखटात लाकडाचा भुसा, हे सगळं ती मायक्रोस्कोपखाली पकडायची. मी फोनवर विभागाचं नाव सांगताच ती जवळजवळ ओरडलीच. "मॅडम! तुमच्यामुळे मी इथे आहे."

मला ती आठवतही नव्हती.

"दुसऱ्या वर्षाला मला स्लाइड लावताच यायची नाही," ती सांगू लागली. "सगळे घरी गेले आणि तुम्ही माझ्याशेजारी स्टुलावर बसलात. म्हणालात, घाई काय आहे, दिसेपर्यंत बघ. दोन तास बसलात. मी ते अजून माझ्या मुलींना सांगते."

मी ऐकत ऐकत समोरच्या रजिस्टरात तिचं वर्ष पाहिलं. त्या वर्षी मी बाळंतपणाच्या रजेवर होते. तिच्या शेजारी बसलेल्या बाई दुसऱ्याच होत्या, त्या कधीच निवृत्त होऊन गेल्या.

मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "छे हो मॅडम, तुम्हीच होता. मला चांगलं आठवतंय."

"अगं, मी रजेवर होते."

"मग रजेच्या आधी असेल. तुमच्याकडची मुलं पाठवा, मी घेते. चांगल्या नजरेची पाहिजेत बस."

ज्याच्यासाठी मी आठ वर्षं जीव टाकला, त्याचं माझ्यामुळे बिनसलं होतं. आणि जिला मी शिकवलंच नाही, तिचं माझ्यामुळे भलं झालं होतं. हे समितीच्या अहवालात कुठल्या रकान्यात घालायचं?

जून संपता संपता ती भोईवाड्याची मुलगी विभागात आली, वडिलांना घेऊन. वडील कोर्टाबाहेर टेबल टाकून अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाईप करून द्यायचे. पांढरा स्वच्छ शर्ट, खिशाला दोन पेनं. बसल्यावर त्यांनी फाईलमधून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यावर त्यांनी प्रश्न टाईप करून आणले होते, क्रमांक घालून. सदर अभ्यासक्रमानंतर नोकरीची शक्यता काय. मुलीस अभ्यासासाठी बाहेरगावी जावे लागेल काय. अडचण आल्यास कोणाशी संपर्क साधावा.

मी माझी वही काढली. फौजदारापासून मसाल्यांपर्यंत सगळं वाचून दाखवलं. माटुंग्याचंही सांगितलं, बियाणांच्या कंपनीसकट. ते सांगायचं ठरवलं नव्हतं, पण तोंडून गेलं. मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, मी रोज लोकांची प्रतिज्ञापत्रं टाईप करतो. माणूस शपथेवर काय वाट्टेल ते लिहून देतो. तुम्ही मला शपथेवर सांगाल का, हिचं चांगलं होईल म्हणून?"

 खिडकीबाहेर शिपाई कुंड्यांना पाणी घालत होता, मी त्याच्याकडे बघत राहिले. सरांनी मला मुलं आणायला सांगितलं होतं, आणि समोर एक आलेली मुलगी बसली होती.

"नाही," मी म्हटलं. "मला माहीत नाही."

त्यांनी कागदाची घडी घातली. "मग घ्या हिला," ते म्हणाले. "जे सांगतात, त्यांच्यावर माझा भरवसा नाही."

बाहेर पडताना मुलगी वडिलांना कुजबुजत म्हणाली, "पप्पा, हे काय उलटंच?" मलाही तोच प्रश्न होता.

आता सांभाळायचं. माझ्या डोळ्यांपुढे ते दोन जुने विद्यार्थी सतत उभे असायचे, एक मी धरून ठेवलेला आणि एक मी न बघितलेली. त्यामुळे या मुलीशी कसं वागावं, ते मला ठरवता येईना. एका आठवड्यात मी तिला रोज बोलवायची, काय वाचलं, काय जेवलीस, सगळं विचारायची. मग वाटायचं, आपण फार मागे लागतोय. मग पंधरा दिवस मी तिला दिसले तरी मान हलवून पुढे जायची. तिने एकदा मैत्रिणीला विचारलं म्हणे, "मॅडम माझ्यावर चिडल्यात का गं?"

तिने प्रकल्पाला विषय निवडला तो चाळींच्या भिंतींवरच्या मॉसचा. लोक त्याला सरसकट शेवाळ म्हणतात, पण त्यात खूप जाती असतात. परळ-लालबागच्या जुन्या चाळी एकेक करून पाडायला घेतल्या होत्या. "भिंती जातील त्याच्या आत गोळा करते," ती म्हणाली. श्रावणात मी तिच्याबरोबर लालबागच्या एका चाळीत गेले. सामायिक नळाजवळच्या भिंतीवर हिरवा मखमली थर होता. ती उकिडवी बसून सुरीच्या टोकाने बोटाच्या पेराएवढा तुकडा काढत होती आणि वर्तमानपत्राच्या पुडीत बांधत होती.

एक आजी कॉटवरून उठून दारात आल्या. "काय गो, शेवाळ नेतंस?"

"हो आजी. अभ्यासाला."

"मगे सगळाच ने. पाय घसरता मेलो."

ती हसली आणि खरंच त्या आजींच्या दारापुढची पायरी खरवडून, धुऊन दिली. मग तिथलाच एक टवका भिंगाखाली धरून मला म्हणाली, "मॅडम, हे वेगळं आहे." मी पाहिलं. मला ते शेजारच्यासारखंच दिसलं. मी मान डोलावली. चार दिवसांनी मायक्रोस्कोपखाली पानांच्या पेशी पाहिल्या तेव्हा कळलं, ते खरंच वेगळं होतं. मी वीस वर्षं शिकवत असलेली गोष्ट तिला नुसत्या डोळ्यांनी दिसली होती. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा माझा आवाज चढला होता. आणि लगेच भीती वाटली. असाच आवाज मी आठ वर्षांसाठी पकडून ठेवलेल्या त्या मुलाबद्दल बोलतानाही चढायचा.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिच्यासमोर दोन गोष्टी एकदम आल्या. तुर्भ्याच्या प्रयोगशाळेने तिला मुलाखतीतच पसंत केलं. 'चांगली नजर' म्हणतात ती हीच, असा मला फोन आला. आणि दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेत तिची पीएच.डी.साठी निवड झाली, फेलोशिपसकट. तिथे मॉसवरच काम होणार होतं.

आम्ही हर्बेरियममध्ये होतो, वाळवलेली झाडं कागदावर चिकटवून जपून ठेवतात त्या खोलीत. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. तिने दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

"मॅडम, काय करू?"

मी म्हटलं, "तुला वाटेल ते कर."

तिने दोन्ही पत्रं पुन्हा सरळ केली. मग म्हणाली, "मला वाटेल तेच करायचं असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?"

"अगं, निर्णय तुझा आहे. मी कोण—"

"माझ्या घरी हे कोणालाच माहीत नाही, मॅडम. पप्पा दोन्ही पत्रं तीनतीनदा वाचतात आणि म्हणतात, मॅडमना विचार. माझ्या बिल्डिंगमध्ये, नात्यात, विहारात, कोणालाच नाही माहीत. फक्त तुम्हाला माहीत आहे. आणि तुम्ही म्हणता, वाटेल ते." तिने पत्रं माझ्याकडे सरकवली. "आधीच्या कोणाचं काय झालं ते तुम्ही आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलंत. पण मी तो नाही ना. त्याची भीती माझ्यावर का काढता?"

मी खुर्चीत बसले.  माझ्या घरी विचारायला काका होते, मामा होते, समोरच्या बिल्डिंगमधले बँकेतले एक गृहस्थ होते. मी त्यांचं ऐकलं असेल नसेल, पण कोणीतरी काहीतरी ठामपणे सांगायचं आणि मला त्याच्या विरुद्ध तरी जाता यायचं. हिला तेवढंही मिळत नव्हतं. मी जपणूक म्हणून जे करत होते, ते तिला अंग काढून घेणं वाटत होतं. कदाचित तेच असेल.

"बरं," मी म्हटलं. "मला वाटतं तू दक्षिणेत जावंस. तुझी नजर मिरीत पपईच्या बिया शोधण्यात जाऊ नये असं मला वाटतं. पण पीएच.डी. संपल्यावर काय, ते मला ठाऊक नाही. आणि अर्ध्यावर सोडावीशी वाटली तर सोड, मी तुला जेवायला बोलावणार नाही."

तिला शेवटचं वाक्य कळलं नसावं. तिने पत्रं उचलली, "थँक्यू मॅडम" म्हणाली आणि गेली.

चार दिवसांनी तिचा मेसेज आला. तिने तुर्भ्याची नोकरी घेतली होती.

मला वाईट वाटलं, हायसंही वाटलं, आणि आधी कोणतं वाटलं ते सांगता येत नाही. सरांनी अहवालात तिची नोंद 'नोकरी मिळाली' अशी केली आणि माझं कौतुक केलं. त्या जूनमध्ये आमच्या बहुतेक जागा भरल्या. सर म्हणाले, "बघा, समितीचा परिणाम." मी नव्या मुलांना वर्गात विचारलं, तुम्ही इथे का आलात? एक जण म्हणाला, दादर जवळ पडतं. एक म्हणाली, दुसरीकडे नंबर लागला नाही. एकीला तिच्या आत्याने सांगितलं होतं की इथे गर्दी नसते. माझं परळचं भाषण ऐकून आलेलं कोणी नव्हतं. मी सरांना यातलं काही सांगितलं नाही.

वर्ष उलटून गेल्यावर एका रविवारी सकाळी मुलीच्या वडिलांचा फोन आला. "मॅडम, ती परवा गेली. तुम्हाला बोलली असेल."

"कुठे गेली?"

तिने नोकरी सोडून दक्षिणेतल्या त्याच संस्थेत पुन्हा अर्ज केला होता आणि पुन्हा निवड झाली होती. मला पत्ताही नव्हता. शिफारसपत्रसुद्धा तिने तुर्भ्याच्या बाईंचं घेतलं होतं. मी तिला मेसेज केला. तिने लगेच फोनच केला.

"मॅडम, सांगणार होते. तुम्ही सांगितलं म्हणून गेले नाही हं, खरंच. वर्षभर नोकरी केली, घरात थोडी व्यवस्था लावली, आणि मग मलाच वाटलं. एवढी एक मिरी बघायची होती ना, ती बघून झाली."

"मग तेव्हा मला कशाला विचारलंस?"

"तेव्हा विचारायचं होतं," ती म्हणाली, जणू यात न कळण्यासारखं काहीच नव्हतं.

मला अजून नीट कळलेलं नाही. मी दक्षिण म्हटलं, तिने तुर्भे घेतलं, आणि मग दक्षिणेत गेली. माझं बोलणं चुकलं, की लागू पडायला वर्ष लागलं, की त्याचा काही संबंधच नव्हता? तुर्भ्याच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही घडवलेली मुलगी ती." त्यांच्यावर तर मी मुळीच विसंबू शकत नाही.

तिसऱ्या आठवड्यात तिचा व्हिडिओ कॉल आला. हॉस्टेलच्या खोलीत बसली होती, मागे उघडी बॅग. भाषा येत नाही, गाइड फारसे बोलत नाहीत, बरोबरची मुलं खूप पुढे आहेत, असं भराभर सांगत गेली. मग एकदम थांबली.

"मॅडम, मी यायला नको होतं का?"

दोन उत्तरं माझ्या तोंडाशी आली. एकमेकांच्या अगदी उलट, आणि दोन्ही मी याआधी कोणाला ना कोणाला देऊन झालेली.

"माहीत नाही गं," मी म्हटलं. "ते गाइड काय म्हणाले, ते आधी नीट सांग. पहिल्यापासून."

तिने बॅग बाजूला सारली, भिंतीला टेकून बसली आणि सांगायला लागली.